दारी येणारा किराणा आणि घरचे माप



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, असे मला सुचविण्यात आले. राजांचा व लढायांचा इतिहास विद्वानांनी लिहावा. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु मीठ-मिरचीलाही इतिहास असतो, आणि तो स्वयंपाकघरातील डबे रोज उघडणाऱ्या बाईने लिहिला तर वावगे होणार नाही, असे वाटल्यावरून हा विषय घेतला आहे.

हल्ली फोनवर यादी सांगावी, किंवा कागदावर लिहून तिचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवावा, की तासाभरात दुकानातला मुलगा पिशव्या घेऊन दारात उभा राहतो. पुष्कळजणींना ही नव्या काळाची नवलाई वाटते. वास्तविक सामान दारी येणे ही आपल्याकडे फार जुनी चाल आहे. मात्र सामान कोणाच्या दारी येते, माप कोणाच्या हाती असते आणि हिशेबाची वही कोणापाशी राहते, ह्या तीन गोष्टी काळाप्रमाणे बदलत गेल्या. बाईच्या दृष्टीने खरा इतिहास ह्या तीन गोष्टींचाच आहे.

आमच्या आजेसासूबाईंच्या काळी, म्हणजे हैदराबाद संस्थानात मराठवाडा असताना, रोजच्या गरजेच्या कितीतरी वस्तू दारावरच येत. तेली घाण्याचे तेल आणी, माळीण भाजीची पाटी उतरवी, कासार बांगड्या भरी, बोहारीण जुन्या लुगड्यावर भांडे देई. रोकड पैसा घरात थोडा; म्हणून सुपात ज्वारी घ्यावयाची आणि तिच्यावर भाजी घ्यावयाची. कुंभार, सुतार, लोहार ह्यांचे बलुते सुगीला खळ्यावर दिले जाई. त्याहून दूरचा माल, विशेषतः मीठ, लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून येई. दख्खनच्या मोहिमांत मोगलांच्या फौजांना धान्य पुरविणारे ते हेच लमाण. १९०० च्या सुमारास हैदराबाद–मनमाड रेल्वे नांदेडवरून धावू लागली, पक्क्या सडका झाल्या, आणि त्यांचा तो धंदा बसला. आपल्या जिल्ह्यातील तांड्यांवरच्या भगिनींचे पूर्वज म्हणजे त्या काळचे मालवाहतूकदारच होत.

दारावरच्या ह्या व्यवहारात एक गुण होता. माळीणही बाई आणि घेणारीही बाई. मापटे समोर भरले जाई. शीग लावली की नाही, ज्वारी किती ओतली, हे दोघी पाहत व दोघी भांडत. पैसा नसला तरी माप बाईच्या डोळ्यांसमोर होते.

दोषही सांगितला पाहिजे. हे दार सर्वांचे नव्हते. गावकुसाबाहेरच्या आयाबहिणींच्या उंबऱ्याशी कोणी पाटी उतरवीत नसे. दुकानावर गेल्या तर पायरीखाली उभे राहून, पदर पसरून, वरून टाकलेली पुडी झेलावी लागे. काट्याकडे पाहण्याचाही त्यांना हक्क नव्हता. संविधानाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ साली तिच्याविरुद्ध कायदा झाला. किराण्याच्या इतिहासात मी ह्या तारखा कोणत्याही दुकानाच्या उद्घाटनापेक्षा मोठ्या मानते.

पुढे रेल्वेमुळे नांदेडचा मोंढा वाढला आणि गावोगावी कोमट्याची, मारवाड्याची दुकाने स्थिरावली. मग खाते आले. वर्षभर उधार न्यावे आणि सुगी झाली की फेडावे. मोठ्या वाड्यात सामान गड्याबरोबर घरपोच येई, कारण त्या घरच्या बाईने बाजारात पाऊल टाकणे कमीपणाचे मानीत. मजुरी करणारी बाई मात्र आठवडी बाजाराला स्वतः जाई, घासाघीस करी, आणि तिला चार पैशांचा भाव ठाऊक असे. वाड्यातल्या बाईला साखर संपल्याचे ठाऊक. साखरेचा भाव ठाऊक नसे. तेव्हा घरपोच सामान म्हणजे नेहमी सुखच असे समजू नये. कधी कधी तो उंबऱ्याच्या आत ठेवण्याचाही एक प्रकार होता.

वही तर दुकानदाराच्या गादीखाली. त्यात काय मांडले आहे, हे घरच्या कर्त्या पुरुषालाच ठाऊक, आणि कित्येकदा त्यालाही नसे. आपल्या भागात दुष्काळाने व कर्जाने किती घरे बसली, हे मी सांगावयास नको. घरधनी अचानक गेला म्हणजे उधारी किती आहे, हे त्या बाईला तेराव्यानंतर दुकानदाराच्या तोंडून कळे. ज्या मिठा-तेलावर तिने संसार रांधला, त्याचाच हिशेब तिला परक्याने वाचून दाखवावा, ही गोष्ट फार बोचणारी आहे.

मापांचा गोंधळ होताच. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम; पण धान्य मापावयाचा शेर निराळा आणि तो गावोगाव बदलणारा. नाणीही दोन, निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार. ७ हाली म्हणजे ६ कलदार. हा हिशेब जिला येत नाही तिने काय करावे? १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि पुढच्या काही वर्षांत हाली सिक्का गेला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले; १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आले व १९६२ पासून देशभर सक्तीचे झाले. सासूबाई सांगत की म्हाताऱ्यांनी कुरकुर केली. पण शाळेत जाणाऱ्या मुलींना आईचा हिशेब तपासता येऊ लागला, तो ह्या दशमान पद्धतीमुळे. लहानशा गोष्टीने केवढा हक्क मिळतो तो असा.

आता थोडे नांदेडच्या बाहेर जाऊ. इंग्लंडात रॉचडेल नावाच्या गावी १८४४ साली २८ जणांनी, त्यांत बरेचसे विणकर, पैसे गोळा करून स्वतःचे दुकान काढले. पीठ, साखर, लोणी, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. पण वजन पुरे आणि माल निर्भेळ. सहकारी दुकानांची चळवळ तेथून जगभर गेली. आपल्याकडे तिची एक मोठी शाखा निघाली ती दुसऱ्या एका नायगावात, मुंबईच्या गिरणगावातील नायगावात! तेथे १९४८ साली कामगारांनी जे ग्राहक सहकारी मंडळ उभे केले, तेच पुढे 'अपना बाजार' म्हणून प्रसिद्धीस आले.

१९७२ साली मराठवाड्यात भीषण दुष्काळ पडला. आपल्याकडच्या बायका खडी फोडीत होत्या, सुकडी आणि लाल मिलो खात होत्या. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदी भगिनींनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली, आणि हजारो गृहिणी हाती लाटणे घेऊन मोर्चाने निघाल्या. चूल फुंकणारी बाई तेल-साखरेच्या भावाचा जाब सरकारला विचारू शकते, हे त्यांनी दाखविले.

ह्यानंतरची गोष्ट माझ्या विषयाच्या अगदी जवळची आहे. १९७५ च्या गुढीपाडव्याला बिंदुमाधव जोशी ह्यांनी मुंबई ग्राहक पंचायत सुरू केली. गायक-संगीतकार सुधीर फडके हेही त्या कामात होते. तिची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी एक संघ करावयाचा. महिन्याची मागणी सर्वांनी लिहून द्यावयाची. पंचायत घाऊक भावाने माल घेते, आणि संघाचे सर्व सामान एका सभासदाच्या घरी उतरविले जाते. तेथे सगळ्याजणी जमून ते तपासतात, वाटून घेतात आणि हिशेब पुरा करतात. पुढे हजारो कुटुंबे त्यात आली, आणि काम चालविणाऱ्यांत गृहिणीच जास्त. येथे सामानही दारी आले, मापही हाती राहिले आणि वहीही आपलीच. माझ्या मते घरपोच किराण्याचा ह्याहून चांगला दाखला नाही.

यंत्रावरून किराणा मागविण्याची सुरुवातही एका बाईपासूनच झाली. १९८४ साली इंग्लंडातील गेट्सहेड येथे जेन स्नोबॉल नावाच्या ७२ वर्षांच्या आजींनी घरच्या दूरचित्रवाणी संचावर बटणे दाबून मार्जरिन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी मागविली. त्यांचे कमरेचे हाड मोडलेले होते. चालता न येणाऱ्या वृद्धांसाठी ती सोय होती. म्हणजे मुळात ही युक्ती निघाली ती जिला बाहेर पडणे कठीण तिच्यासाठी. घाई हा तिचा हेतू नव्हता.

आपल्या देशात बिगबास्केट २०११ साली बंगळुरात सुरू झाली. पण घरपोच किराण्याची खरी गरज सर्वांना कळली ती मार्च २०२० मध्ये. टाळेबंदीत बाजार बंद, रस्त्यावर पोलीस, आणि घरात म्हातारी माणसे. त्या वेळी कंपन्यांच्या आधी आपल्या गल्लीतला दुकानदारच उपयोगी पडला. यादी व्हॉट्सॲपवर, पैसे फोनवर, आणि पिशवी ओट्यावर. २०२१ पासून मोठ्या शहरांत दहा मिनिटांत सामान देण्याची चढाओढ लागली. मला कोणी सांगावे, दहा मिनिटांत जिऱ्याची पुडी न आल्याने कोणाचा संसार अडला? फोडणी थांबते, एवढेच. पण ती पुडी घेऊन उन्हात दुचाकी पळविणारा मुलगा कोणाचा तरी लेक आहे. त्यांतले कितीतरी आपल्या मराठवाड्यातूनच पुण्या-मुंबईस गेलेले आहेत. अशा कामगारांची कायद्यात प्रथम नोंद झाली ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत. राजस्थानने त्यांच्यासाठी २०२३ साली स्वतंत्र कायदा केला. दारी आलेल्या मुलाला तांब्याभर पाणी विचारण्यास मात्र कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

आता पुन्हा त्या तीन गोष्टींकडे वळते.

पहिली, दार कोणाचे. गावातल्या पक्क्या घरी पिशवी येते. वाडी-तांड्यावर येत नाही. आंध्र प्रदेशाने २०२१ साली रेशनचे धान्य गाडीने दारोदार नेण्यास आरंभ केला. २०२५ साली ते थांबवून दुकाने पुन्हा सुरू केली, पण वृद्ध व अपंगांना घरपोच देणे ठेवले. हा विचार मला योग्य वाटतो. ज्यांना चालवत नाही त्यांचे दार आधी.

दुसरी, माप. समोर तोललेले आणि बंद पिशवीत आलेले ह्यांत फरक आहे. आमच्या घरी एकदा एका दुकानातून आलेली पाच किलोची डाळ काट्यावर पाच किलो भरली नाही. सासूबाईंनी पिशवी तशीच परत पाठविली आणि दुकानदाराने मुकाट्याने पुरी करून दिली. म्हणून घरात एक साधा वजनकाटा असावा. बंद पुड्यावर निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत आणि बनविल्याचा महिना छापलेला असलाच पाहिजे, असा नियम आहे. ॲपवरून मागविले असेल तर २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण महिनाभरात व्हावयास हवे. १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. हा क्रमांक चुलीमागच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

तिसरी आणि मोठी, वही. गादीखालची वही गेली; आता हिशेब मोबाईलमध्ये आहे. पण तो मोबाईल कोणाचा? पुष्कळ घरी यादी आई सांगते, मागवितो मुलगा आणि पैसे देतात वडील. मग आईच्या हाती काय राहिले? पूर्वीसारखीच साखर संपल्याची माहिती! २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातील १८ वर्षांवरील सर्वांत वडील बाईला कुटुंबप्रमुख केले आहे. कागदावर मिळालेला तो मान घरच्या हिशेबातही यावयास हवा. प्रत्येकीने महिन्याची यादी, भाव आणि उधारी आपल्या हाताने एका वहीत उतरावी. अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल. बेरीज बरोबर असावी.

आपल्या मंडळाला एक सूचना करून हा लेख पुरा करते. दहा-बारा घरांचा एक संघ करून तेल, साखर, डाळी व चहा एवढ्याच चार जिनसांची महिन्याची मागणी एकत्र करावी. ती गावातल्याच दुकानदाराला द्यावी, म्हणजे त्याचाही धंदा राहील आणि आपल्याला भावही मिळेल. सामान पाळीपाळीने एकेकीच्या घरी उतरवावे, सर्वांसमोर तोलावे, आणि ज्या आजींना चालवत नाही त्यांचे सामान आपल्या मुलींच्या हाती पोचवावे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणासोबत मागणीची पहिली यादीही फिरवू. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आपली नावे मंडळाकडे द्यावीत.