वैनगंगेकाठचा चिन्नोर

वैनगंगेच्या खोऱ्यात चिन्नोर हे सुवासिक धान पिढ्यान्‌पिढ्या पिकत आले आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिले व भंडारा मुंबई राज्यात गेले. बांधीतल्या धानाला या सीमेची वार्ताही नव्हती. पुढे २०२१ मध्ये बालाघाटच्या आणि २०२३ मध्ये भंडाऱ्याच्या चिन्नोरला निरनिराळी भौगोलिक मानांकने मिळाली. परंतु मानांकनाने उतारा वाढत नाही. हे धान उंच वाढते, लोळते, उशिरा निसवते. साहजिकच शेतकरी दुसऱ्या वाणाकडे वळतो.

सुवास राखून उंची कमी करावयाची, तर संकरातून निघालेल्या शेकडो रोपांतून सुवासाचे रोप निवडावे कसे? बहुधा दाणा पिकेपर्यंत थांबावे आणि तो चावून पाहावा, हीच रीत होती. २००५ साली असे आढळले की, बासमतीसारख्या अनेक सुगंधी तांदळांत आठव्या गुणसूत्रावरील एका जनुकाची आठ अक्षरे गळालेली असतात. अशी खूण कोवळ्या रोपातही वाचता येते. मात्र त्यासाठी पानातून डीएनए स्वच्छ निघाला पाहिजे, आणि सारे अडते ते येथेच.

१८६९ साली ट्यूबिंगेन येथे फ्रीडरिश मीशर याने हे द्रव्य प्रथम वेगळे केले, ते जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातून! पुवातील पेशींना भिंत नसते. पानातील पेशींना सेल्युलोजचा कोट असतो. द्रव नायट्रोजनात गोठवून खलात घोटल्यास तो फुटतो खरा. पण आतील चिकट शर्करा आणि टॅनिनसारखी द्रव्ये डीएनएला बिलगतात व हाती तपकिरी चिकटा येतो. त्यावर पुढील परीक्षा चालत नाही.

१९८० मध्ये मरे व थॉम्पसन यांनी यावर तोड काढली. जंतुनाशकांतही वापरला जाणारा सीटॅब हा साबणासारखा क्षार त्यांनी योजिला. मीठ भरपूर असता तो शर्करा व प्रथिने यांना धरतो आणि डीएनए पाण्यात मोकळा राहतो. मीठ विरळ केले की डीएनएच त्याच्यासह तळाशी बसतो. १९८७ मध्ये डॉयल पतिपत्नींनी थोड्याशा ताज्या पानावर चालणारी सुटसुटीत रीत दिली. ६० अंश उष्णतेचे द्रावण, मग क्लोरोफॉर्म, मग आयसोप्रोपॅनॉल, आणि पांढरे तंतू दिसू लागतात.

पान मात्र कोवळेच घ्यावे, कारण जून पानात ती उपद्रवी द्रव्ये वाढलेली असतात. बोटभर तुकड्याने काम भागते. रोप जिवंत राहते आणि त्याच हंगामात त्याचा चिन्नोरशी पुन्हा संकर करता येतो.