घोडी गाभडली तर वार फेकू नका, कारण त्यातूनच कळतं

भिवंडी : आपल्याकडे घोडी म्हटलं की लग्नाची वरात. ज्याच्या दावणीला घोडी, त्याचं वर्षाचं गणित तिच्यावरच चालतं. घोडी साधारण ११ महिने गाभण असते. सातव्या-आठव्या महिन्यात ती गाभडली की कोणी नजर लागली म्हणतं, कोणी फटाक्यांवर खापर फोडतं, आणि पडलेलं शिंगरू व वार (झार) रातोरात पुरून टाकतात. घोटाळा इथंच होतो, पुरावाच जातो.

डॉक्टर वार उलगडून बघतात. नाळेला पीळ पडलाय का, वारेला जंतूंची लागण आहे का, हे त्यात दिसतं. जुळं हे मोठं कारण. गायीला जुळं जमून जातं, पण घोडीच्या पोटात दोघांना वार पुरत नाही आणि बहुतेक वेळा दोन्ही जातात. म्हणून घोडा दाखवल्यावर साधारण १४ ते १६ दिवसांत सोनोग्राफी करावी, तेव्हा एक गर्भ काढता येतो.

साथीचं कारण म्हणजे हर्पीस विषाणू. घोडी आजारी दिसत नाही आणि शेवटच्या महिन्यांत अचानक गाभडते. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने यावर लस काढली आहे. अशी लस पाचव्या, सातव्या, नवव्या महिन्यात देतात. सारंगखेड्याच्या बाजारातून नवीन जनावर आणलं तर ३ आठवडे गाभणीपासून लांब बांधा.

गाठीमुळे गाभ पडणं फार क्वचित. अंडाशयात गाठ झालेली घोडी बहुधा गाभणच राहत नाही. ती माजावर येत नाही, किंवा सारखी माजावर असते, नाहीतर घोड्यासारखी दुसऱ्या घोडीवर चढते, चावते. लोक तिला खोडील ठरवून विकतात. तपासणीत एका बाजूचं अंडाशय मोठं आणि दुसरं आकसलेलं सापडतं. ही गाठ सहसा पसरत नाही. ऑपरेशनने काढली की काही महिन्यांनी घोडी पुन्हा माजावर येते.

वरातीच्या पांढऱ्या घोड्यांची गाठ वेगळी. जन्मतः काळी-तपकिरी असून वयानं पांढरी झालेली घोडी असेल, तर शेपटीखाली काळ्या गाठी येतात. त्यांना डाग देऊ नका, ब्लेड लावू नका.

वार पडायची वाट गायीसारखी बघू नका. घोडीची वार ३ तासांत पडली पाहिजे. नाही पडली तर विष अंगात भिनतं, खूर धरतात, घोडी जाते. ओढायची तर अजिबात नाही, १९६२ वर फोन करा. मोठ्या तपासणीसाठी परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

डॉक्टर येईपर्यंत वार झाकलेल्या बादलीत, सावलीत ठेवा. हातमोजे घाला, कुत्र्यांना लांब ठेवा, बाकीच्या गाभणी दुसरीकडे बांधा.