इसवी सन

बंजारा समाजाचे तीर्थ असलेल्या पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांची जयंती १५ फेब्रुवारीला, तर मोठी यात्रा रामनवमीला. एक दिवस तारखेचा, दुसरा तिथीचा. महाराजांचा जन्म इ.स. १७३९चा मानतात. या ‘इ.स.’वरून मात्र अधूनमधून वाद होतो. कुणाला ख्रिस्ताच्या नावाने वर्षे मोजणे नको, म्हणून ‘सामान्य युग’ म्हणा असा आग्रह. कुणाला ते नाव पुसणे हाच ख्रिस्ताचा अवमान वाटतो.

मला या वादापेक्षा शब्द जास्त बोलका वाटतो. ‘सन’ म्हणजे अरबीत वर्ष. ‘इसवी’ म्हणजे ईसाचा, आणि ईसा हे येशूचे कुराणातले नाव. गणना मांडली ५२५ साली डायोनिसियस या ख्रिस्ती साधूने, पण मराठीत तिला नाव मिळाले ते अरबी-फारसीच्या वाटेने. आपल्या जुन्या दप्तरांत सुहूर, फसली, हिजरी हे सन होतेच. त्यांच्या पंक्तीत हाही बसला. मराठी ख्रिस्ती माणूस मात्र प्रार्थनेत ‘येशू’ म्हणतो, ‘ईसा’ नव्हे. ‘सन’सारखा ‘तारीख’ हा शब्दसुद्धा अरबीच.

एवढ्या धर्मांच्या हातून आलेला शब्द कोणा एकाचा कसा म्हणावा? ‘सामान्य युग’ अजून अभ्यासकांच्या लेखनापुरतेच आहे. पाठ्यपुस्तकांत, शिलालेखांच्या वाचनात, बोलण्यात ‘इसवी सन’च चालतो. तो चालू द्यावा. त्याच्या शेजारी शकही लिहावा: सेवालाल महाराजांचा जन्म, इ.स. १७३९, शके १६६०.