काळ्या पडद्याची कुळकथा

श्रीवर्धनचे नाव निघाले की कुणाला पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ आठवतात, कुणाला तिथली रोठा सुपारी. मला आज आठवतो तो वाडीतला रहाट. विजेचे पंप येण्यापूर्वी या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा रहाटावर शिंपल्या जात. बैल फिरे, लोट्यांची माळ विहिरीत उतरे, एकेक लोटा भरून वर येई आणि डोणीत रिता होई. पाणी यायचे ते लोट्यालोट्याने. पण पाटात पाहावे तर धार अखंड! आता बैलाला कुणी उगाच पिटाळले तर काय होईल? डोण भरून भलतीकडेच वाहील आणि पोफळीचे आळे कोरडे राहील.

संगणकाच्या पडद्यावरचे चित्रही असेच लोट्यालोट्याने येते. सेकंदाला बहुधा साठ वेळा ते नव्याने रेखले जाते आणि आपल्या डोळ्याला ते अखंड भासते. या वेगाला रिफ्रेश रेट म्हणतात आणि तो हर्ट्झमध्ये मोजतात. साठ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला साठ वेळा, एवढाच त्याचा अर्थ.

समजा, तुमच्या शाळेतल्या एखाद्या चुणचुणीत मुलाने साठाच्या जागी पंच्याऐंशी किंवा शंभर हा आकडा निवडला. पडदा क्षणात काळा! फार तर ‘आउट ऑफ रेंज’ अशी पाटी दिसेल. गुरुजी घाबरतात, मुलाचा कान पिळला जातो, यंत्रावर फडके पडते आणि ते दुरुस्तीला माणगावला न्यायचे की थेट मुंबईला, यावर महिना जातो. तेवढा महिना मुलांचा संगणकाचा तास बुडाला. वास्तविक मोडलेले काहीच नसते. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने या किनाऱ्यावर जी मोडतोड केली, ती पोफळीच्या बागांतून साऱ्यांनी डोळ्यांनी पाहिली. इथे मात्र देणारा आणि घेणारा यांचा ताल चुकलेला असतो, इतकेच.

हा तालाचा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. ते यंत्र हाताने फिरवायचे. सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रे सरकत. हात मंदावला की पडद्यावरची माणसे रेंगाळत, हाताला घाई झाली की तीच माणसे तुरुतुरु धावत. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला, तोही या हाताने फिरवण्याच्या जमान्यातलाच. पण सोळा वेळांच्या उघडझापीने डोळे दुखतात. म्हणून दिव्यापुढे पात्यांची चकती फिरवून एकच चित्र दोनदा-तीनदा उजळायची युक्ती निघाली. चित्र एक, उजेड तीनदा! मला तर ही युक्ती मूळ शोधाइतकीच हुशारीची वाटते.

पुढे १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला आणि आपल्याकडे बोलपट सुरू झाला. आता वेग ढिला सोडून चालेना. चित्र थोडे हळू चालले तर प्रेक्षक खपवून घेईल. पण नायिकेचा आवाज घोगरा झाला, तर? सेकंदाला चोवीस चित्रे हा आकडा बोलपटाबरोबर पक्का झाला तो त्यामुळे.

दूरचित्रवाणीचा आकडा ठरला तो वीजघरात. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तने घेते, अमेरिकेची साठ. चित्राचा वेग विजेशी जुळला नाही, तर त्या काळच्या संचांवर सावलीचे पट्टे वरखाली सरकत. म्हणून जिथे जशी वीज, तिथे तसे चित्र. दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी सुरू झाली. आपल्या पद्धतीत ६२५ रेघांची पंचवीस चित्रे, प्रत्येकाचे दोन अर्धे, म्हणजे सेकंदाला पन्नास झलकी.

आणि मग संगणक आला, तो साठाचा ताल घेऊन. आयबीएम कंपनीने १९८७ साली व्हीजीए ही पद्धत आणली. तिच्या नेहमीच्या चित्रात ५२५ रेघा, त्यांतल्या ४८० दिसणाऱ्या. त्या सेकंदाला साठदा, म्हणजे सेकंदाला साडेएकतीस हजार रेघा. काचेच्या नळीतला इलेक्ट्रॉनांचा झोत एवढे धावे! त्या काळचे कित्येक पडदे एक-दोन वेगच ओळखत. भलताच वेग दिला तर चित्र गडगडा लोळे, आणि दुबळ्या संचातला एखादा भाग तापून जळेसुद्धा. म्हणजे तेव्हाची भीती अगदीच खोटी नव्हती. अनेक वेग ओळखणारे ‘मल्टिसिंक’ पडदे १९८० च्या दशकाच्या मध्याला निघाले होते. पण या पडद्याला काय झेपते, हे संगणकाला सांगणार कोण?

ते १९९४ साली जमले. पडद्यात एक चिमुकली चकती बसवून तिच्यात १२८ बाइटांची माहिती लिहायची असे ठरले : कारखाना कोणता, साल कोणते, कोणकोणते वेग चालतात. पडद्याची जन्मपत्रिकाच म्हणा ना! केबलमधल्या बारीक तारांतून संगणक ती वाचतो आणि झेपतील तेवढेच आकडे पुढे ठेवतो. पण समुद्राच्या खाऱ्या हवेने केबलच्या पिना गंजल्या, एखादी वाकली, किंवा मध्ये स्वस्तातला जोड लावला, की पत्रिका वाचताच येत नाही. मग संगणक अंदाजाने आकडे मांडतो आणि आपण नेमका न झेपणारा निवडतो. आजचे पडदे बहुधा जळत नाहीत, मुकाट्याने काळे पडतात.

आता उपाय. पडदा काळा झाला की पहिली गोष्ट, हात मागे घ्या. विंडोज पंधरा सेकंद वाट पाहते, आणि ‘बदल ठेवू का’ या न दिसणाऱ्या प्रश्नाला उत्तर आले नाही तर आपणहून जुन्या वेगावर परतते. गडबडीत त्या प्रश्नाला ‘ठेव’ असे उत्तर गेले तर बदल कायम होतो. तसे झालेच, तर संगणक बंद करून पुन्हा लावा. सुरुवातीला कंपनीचे नाव दिसून मग काळोख झाला, तर पडदा आणि केबल बरीचशी धड आहेत असे समजा. मग संगणकाला मागे दुसरी जागा असेल, तर तिथे दुसरा पडदा किंवा शाळेचा प्रोजेक्टर जोडा. त्यावर चित्र आले की सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले अशा पायऱ्या उतरून पहिला पडदा निवडा आणि साठ करा. दुसरा पडदा नाही? जुन्या विंडोजमध्ये चालू होताना एफ-आठ दाबून ‘व्हीजीए मोड’ घेता येत असे. विंडोज १० व ११ मध्ये चालू होता होता दोन-तीनदा वीज तोडली की दुरुस्तीचे निळे पान येते. एरवी असे करू नये, पण इथे इलाज नाही. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असे जाऊन रीस्टार्ट करा आणि येणाऱ्या यादीत तीनचा आकडा दाबा. चित्र कमी बारकाव्याचे, पण दिसेल. मग साठ निवडा, संगणक बंद करा, केबल काढून पिना कोरड्या फडक्याने हलकेच पुसा आणि घट्ट बसवा. आणि हे सारे त्या कान पिळलेल्या मुलाकडूनच करवून घ्या. आकडा कुठे असतो ते त्याला तुमच्याआधी ठाऊक आहे.