लिंकन यांच्या निधनावरील मुद्रित शोककाव्य : संबोधनाचा विचार

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर १४ एप्रिल १८६५ रोजी नाट्यगृहात गोळी झाडण्यात आली व दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा अंत झाला. त्यांच्या निधनावर त्या वर्षी जी पद्ये छापली गेली, त्यांची गणना बहुधा प्रासंगिक रचनांत करून त्यांचा विचार तेथेच थांबविला जातो. तथापि या पद्यांतील सर्वनामांकडे लक्ष दिल्यास शोकाचे तीन भिन्न प्रकार स्पष्ट होतात.

पहिला प्रकार समारंभाचा होय. न्यूयॉर्क येथील २५ एप्रिलच्या शोकसभेसाठी ब्रायंट यांनी रचलेले काव्य आणि ४ मे रोजी स्प्रिंगफील्ड येथील दफनविधीसाठी गर्ली या धर्मोपदेशकांनी रचलेले स्तोत्र या दोहोंत मृताला द्वितीय पुरुषी संबोधन आहे. त्यासाठी योजिलेले 'दाऊ' हे सर्वनाम व्यवहारातून लुप्त होऊन प्रार्थनेत व काव्यात तेवढे उरले होते. साहजिकच मृताला देवतुल्य स्थान प्राप्त होते.

दुसरा प्रकार 'पंच' या लंडनच्या विनोदी साप्ताहिकातील, ६ मेच्या अंकातील पद्याचा. युद्धकाळात या पत्राने लिंकन यांची यथेच्छ टवाळी केली होती. येथे 'यू' हे संबोधन मृताला नसून टवाळखोराला, म्हणजे खुद्द पत्रालाच आहे. लिंकन तृतीय पुरुषात आहेत. शोकगीत येथे कबुलीजबाब बनते. हे पद्य रचणारे टॉम टेलर हेच, लिंकन अखेरच्या रात्री जे नाटक पाहत होते, त्याचे लेखक होत.

तिसरा प्रकार व्हिटमन यांच्या, ४ नोव्हेंबर रोजी एका न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात आलेल्या 'ओ कॅप्टन! माय कॅप्टन!' या कवितेचा. तीत लिंकन यांचे नावही नाही. आरंभी कप्तानाला 'यू' अशी हाक आहे. अखेरच्या कडव्यात तोच 'तो' होतो. हाकेला उत्तर येत नाही, ही जाणीव या पुरुषबदलानेच व्यक्त होते.

मराठीत अनुवाद करू जाता मोठी अडचण उभी राहते. देवाला आळविणारा 'तू' आणि अपराध्याला खडसावणारा 'तू' आपल्याकडे एकच असल्याने ब्रायंट व टेलर यांच्यातील भेद सर्वनामात टिकत नाही. तो अन्य शब्दांच्या निवडीने राखावा लागेल. म्हणून अशा पद्यांचे मूल्यमापन करताना ते कोणत्या प्रसंगी छापले गेले आणि त्यातील 'तू' कोण, हे दोन प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारावेत. काव्यगुणांचा निर्णय त्यानंतरचा.