कॅप्टन मँटेल प्रकरणाची चौकशी

उडत्या तबकड्यांचा विषय निघाला की आपल्याकडे कुणी हसतो, कुणी डोळे विस्फारतो. मी इथे एका तरुण वैमानिकाचा मृत्यू आणि त्याची लष्करी चौकशी मांडणार आहे. जन्म दवाखान्यात गेला, त्यामुळे माझी नजर डॉक्टरचीच राहील, ते आपण चालवून घ्यावे.

७ जानेवारी १९४८. अमेरिकेतील केंटकी राज्य. दुपारी पोलिसांकडे निरोप येऊ लागले की आकाशात एक मोठी गोल वस्तू दिसते आहे. फोर्ट नॉक्सजवळच्या गॉडमन तळावरूनही ती दिसली. तळाचे प्रमुख कर्नल हिक्स यांनी दुर्बीण लावली, पण ओळख पटेना. तेवढ्यात नॅशनल गार्डची चार मस्टँग विमाने तिकडून चालली होती. प्रमुख होता कॅप्टन थॉमस मँटेल, वय २५, नॉर्मंडीच्या स्वारीत पदक मिळवलेला. 'जरा पाहून या,' असे त्याला सांगण्यात आले. एक विमान आपल्या वाटेने गेले, तीन वर चढली. सुमारे २२,००० फुटांवर दोघे परत फिरले. मँटेलजवळ प्राणवायूची सोय नव्हती, तरी तो चढतच राहिला. त्याचे विमान फ्रँकलिन गावाजवळ कोसळले. मनगटावरचे घड्याळ ३ वाजून १८ मिनिटांवर थांबले होते.

मृत्यूच्या कारणात गूढ फारसे नाही. १८,००० फुटांवर हवेचा दाब निम्म्यावर येतो. २५,००० फुटांवर नळीशिवाय माणूस जेमतेम तीन ते पाच मिनिटे धड विचार करू शकतो. आणि यात घात असा, की जीव गुदमरल्यासारखे वाटेलच असे नाही. उलट अंगात हुरूप येतो, अजून थोडे वर जाऊ असे वाटते. धोका ओळखायचा तो मेंदूच आधी बधिर होतो.

मग तो कशाच्या मागे गेला? हवाई दलाच्या 'प्रोजेक्ट साइन'कडे हे प्रकरण आले. सल्लागार होते खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक. त्या वेळी शुक्र साधारण त्याच दिशेला होता, म्हणून शुक्र हे उत्तर पुढे करण्यात आले. पण भर दुपारचा शुक्र म्हणजे ठिकाण ठाऊक असेल तरच सापडणारा ठिपका, तोही आकाश स्वच्छ असेल तर. शेकडो लोकांनी मान वर करून बघावे असे त्यात काय? केसपेपरचा रकाना रिकामा राहू नये म्हणून लिहिलेली निदाने मी पुष्कळ पाहिली आहेत. हे त्याच जातीचे वाटते.

पुढे एडवर्ड रुपेल्ट या अधिकाऱ्याने फाइल पुन्हा उघडली. विचारल्यावर हायनेक यांनीही शुक्राची बाजू सोडली. रुपेल्ट यांचा संशय गेला तो 'स्कायहुक'वर. हे नौदलाचे पॉलिथीनचे प्रचंड फुगे, फुगल्यावर सुमारे १०० फूट रुंद, एक लाख फुटांपर्यंत जाणारे. बनवणारी कंपनी जनरल मिल्स, म्हणजे मुळात पीठवाली! (हैदराबादकरांना असे फुगे नवे नाहीत. टाटा मूलभूत संशोधन संस्था इथूनच ते सोडते.) त्या सुमारास मिनेसोटातील कॅम्प रिप्ली येथून असे फुगे सोडले गेले होते. उन्हात ते धातूसारखे चमकतात. आणि अंतर कळत नसल्याने पाठलाग करणाऱ्याला आता गाठूच असे वाटत राहते. आज बहुतेक अभ्यासक हेच उत्तर मानतात, मलाही ते पटते.

पण १९४८ मध्ये स्कायहुक गुप्त होता. मँटेलला त्याची माहिती नव्हती, गॉडमनच्या मनोऱ्यालाही नाही. एका दलाचे गुपित दुसऱ्या दलाच्या चौकशीला आडवे आले. मधल्या काळात अफवांना मोकळे रान मिळाले: प्रेत सापडलेच नाही, विमानाला भोके पडली होती. प्रेत विमानातच होते. घरच्यांना मात्र त्या गोष्टी वर्षानुवर्षे ऐकाव्या लागल्या असतील.

ही चौकशी नाव बदलत 'प्रोजेक्ट ब्लू बुक' म्हणून १९६९ पर्यंत चालली. एकूण १२,६१८ नोंदी झाल्या, त्यांतल्या ७०१ अनिर्णित राहिल्या. मँटेलची नोंद त्या ७०१ मध्ये नाही.