चुंबकाचं ऐकणारा थेंब

लोहचुंबक आणि लोहकीस यांचा खेळ आपण सगळ्यांनीच शाळेत केलाय. मी त्यात एक आगाऊपणा केला होता. लोहकीस खोबरेल तेलात टाकला. चुंबक जवळ नेला की कीस धावायचा, तेल मात्र जागेवरच. मला वाटलं, चुंबक कमी ताकदीचा आहे. चूक भलतीकडेच होती.

हाच प्रश्न १९६०च्या दशकात अमेरिकेच्या 'नासा'ला पडला होता. अंतराळात वजन जाणवत नाही, त्यामुळे टाकीतलं द्रव इंधन तळाशी बसत नाही. मग ते पंपाच्या तोंडाशी आणायचं कसं? क्लीव्हलँडच्या लुईस संशोधन केंद्रातले स्टीव्ह पॅपेल म्हणाले, इंधनच चुंबकाकडे ओढलं जाईल असं करू. त्यांनी मॅग्नेटाइट हे लोहखनिज ओलिइक आम्लासोबत दळून दळून अतिसूक्ष्म केलं. १९६५ साली त्यांना पेटंट मिळालं.

या द्रवातले कण साधारण १० नॅनोमीटरचे असतात. एका मिलिमीटरात असे लाखभर कण ओळीने मावतील! इतक्या लहान कणांना भोवतालचे रेणू सतत धक्के देतात, म्हणून ते तळाशी बसत नाहीत. आम्लाचा थर त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. चुंबक जवळ आला की कण ओढले जातात आणि सोबत द्रवही ओढला जातो. चुंबक दूर नेला की द्रवाचं चुंबकत्व संपतं. माझ्या तेलाला मोठा चुंबक नको होता, लहान कण हवे होते.

रॉकेटच्या टाकीत ही कल्पना रुजली नाही. पण रोनाल्ड रोझेन्स्वाइग यांनी हा द्रव सुधारला, आणि तो फिरत्या दांड्यांच्या सीलमध्ये नि लाउडस्पीकरमध्ये पोहोचला.

पुढची पायरी थेंबांची. दुधात जसे स्निग्धांशाचे बारीक थेंब पाण्यात तरंगतात, तसे या चुंबकी तेलाचे एकसारखे थेंब फ्रान्समध्ये झेरोम बिबेत यांनी पाण्यात तयार केले. चुंबक लावला की थेंब ओळीने साखळीत उभे राहतात. दोन थेंबांमधलं अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास असल्यामुळे रंग दिसतो. त्या रंगावरून अंतर कळतं आणि अंतरावरून थेंब एकमेकांना किती जोराने दूर ढकलतात तेही मोजता येतं. हे मोजमाप १९९४ साली प्रसिद्ध झालं.

आता आपल्याकडे येऊ. तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी २०१२ साली असंच पायस पोलादातले दोष शोधायला वापरलं. चुंबकित पोलादात भेग असेल, तर तिथून चुंबकी क्षेत्र बाहेर झिरपतं. थेंबांमधलं अंतर बदलतं, रंग बदलतो, आणि लपलेली भेग डोळ्यांना कळते.

टाकीतलं इंधन हलवायला निघालेली कल्पना अशी पोलादाच्या तपासणीला आली. भेटू पुढच्या भागात.